खाली एक थेंब नाही

"आज इंजिनातून तेलाचा एक थेंब जरी खाली पडला, तर मी नावाचा भीमराज न्हाई!" बुद्धपौर्णिमेच्या सकाळी त्याने जाहीर करून टाकलं.

त्याच्या बायकोची, कस्तुराची, त्याच्या नावाबद्दल काहीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती चिखलीतल्या घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो बांधत असलेल्या विमानाबद्दल! पिंपरीच्या कंपनीतला हा फिटर शिफ्ट सुटली की तिथंच. भंगारातून आणलेलं मोटारीचं इंजिन, पुढे लाकडी पंखा आणि खाली कायम तेलाचं थारोळं. तेच पायांना लागून घरभर!

"खाली पेपर अंथरते," कस्तुरा म्हणाली. "एक डाग दिसला, तर उद्या सगळं भंगारवाल्याला!"

"आणि न्हाई दिसला तर?"

"तर बसंन मी तुमच्या मागच्या शिटावर."

ती सीट भीमराजने तिच्यासाठीच बांधली होती, गादीसुद्धा स्वतः शिवली होती. पण कस्तुरा तिच्यावर एकदाही बसली नव्हती. याचं त्याला फार वाईट वाटे.

या वेळी मात्र त्याने तोड काढली होती. इंजिन चाललं की त्याच्या पोटात, म्हणजे क्रँककेसमध्ये, वारा कोंडतो आणि तेलाला फटींतून बाहेर रेटतो. तेव्हा तो वाराच व्हॅक्यूम पंपाने ओढून घ्यायचा आणि नळीने मागच्या खिडकीवरून बाहेर सोडायचा. तेल आपलं जागच्या जागी!

विहारातली वंदना आटोपून मंडळी खिरीला आली. सगळी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत.

"पंख्याजवळ कुणी थांबू नका!" भीमराजने सगळ्यांना काळजीने शेडमागे नेलं. "या खिडकीतून बघा. हितं काही धोका न्हाई."

इंजिन गरजलं. खालचा पेपर ठणठणीत कोरडा! खिडकीत एकच आरडाओरडा उठला. आपलं कौतुक चाललंय असं वाटून भीमराजने इंजिन आणखी पळवलं. ओरडा आणखी वाढला! त्याला भरूनच आलं.

इंजिन बंद करून तो बाहेर धावला. पंपाने वाऱ्याबरोबर तेलही ओढलं होतं आणि सगळं मंडळींवर फवारलं होतं! विहाराच्या धोंडीबामामांच्या मिशांतून तेल ठिबकत होतं.

"भीमराजा," ते म्हणाले, "आमी खीर खायाला आल्तो रं. फोडणी घालून घ्यायला न्हाई!"

ठिपक्याठिपक्यांची कस्तुरा तडक शेडमध्ये गेली. भीमराज मागोमाग. त्याने मनातल्या मनात विमानाचा निरोप घेऊन टाकला होता. तिने वाकून पेपर उचलला, उलटसुलट करून पाहिला. एक डाग नव्हता.

"बोलले ते बोलले," असं म्हणत ती साडी सावरून मागच्या सीटवर जाऊन बसली. "गादी मऊ हाय की वो!"

भीमराजला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली. विमान अंगणात ओढलं आणि रॉकेल-साबणाने सगळ्यांचे कपडे धुऊन त्याच्या पंखांवर वाळत घातले. कस्तुरा मागच्या सीटवर तांदूळ निवडत बसली. वारा सुटला, साड्या फडफडल्या आणि विमान जागच्या जागी जरासं हललं!

"बघितलंस, कस्तुरा?" भीमराज हरखून ओरडला.

"बघितलं," मागच्या सीटवरून उत्तर आलं. "मामांच्या सदऱ्याचा डाग तसाच हाय. घासा!"