वाळूला ऊन दाखवू नये

मला राग येत नाही. आधीच सांगून ठेवतो, उगाच गैरसमज नको. लोक राग आणतात, ती गोष्ट वेगळी.

आता माझ्या कामाचंच बघा. एका टेकडीच्या पायथ्याशी जमिनीला लांबलचक भेग आहे. प्रत्येक मोठ्या भूकंपात भेगेपलीकडची बाजू थोडी उजवीकडे सरकते. त्यामुळे सरळ वाहणारा ओढा तिथे येऊन कोपरात मोडल्यासारखा वळलाय. ओढा किती सरकला ते मी मोजलं. आता त्याच्या जुन्या काठाचं वय मिळालं की भागाकार करायचा, जमीन वर्षाला किती सरकते ते हातात! वय सांगते वाळू, कारण तिने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते तिच्या कणांवरून काढता येतं. म्हणून पोलादी नळी काठात ठोकायची, भरली की टोपणं लावून काळी चिकटपट्टी गुंडाळायची आणि प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीपर्यंत तिला उजेड दाखवायचा नाही. शेंबडं पोरही करेल.

नळी एकच भरली. दुसरी ठोकणार, तेवढ्यात जमीनमालक म्हणाला, "साहेब, आटोपलं का? इथे बुलडोझर फिरवायचाय." मी त्याची अक्कल काढली. तो संध्याकाळपर्यंत थांबणार होता, हे मला नंतर कळलं. माझं ऐकून त्याने लगेच बुलडोझर घातला आणि काठ गेला. माझी चार वर्षांची मेहनत आता त्या एका नळीत होती.

त्या दिवशी सुट्टीमुळे प्रयोगशाळा बंद. नळी घरी आणून कपाटात पांघरुणांखाली ठेवली आणि सगळ्यांना, मुक्कामाला आलेल्या सासऱ्यांनाही, दम भरला. सकाळी बघतो तर काळ्या पट्टीवर खाकी पट्टी!

"हे कोणी केलं?"

"बाबांनी," बायको म्हणाली. "रात्री पांघरूण काढताना नळीचं टोपण निसटलं म्हणे. त्यांनी बसवलं."

"म्हणजे दिवा लावून आत डोकावले असणार."

"फिरायला गेलेत, येतीलच. विचार ना त्यांना."

"विचारायचंय काय त्यात?"

तळपायाची आग मस्तकात गेली होती. नळी काखोटीला मारली आणि निघालो. वाटेत सासऱ्यांशी मनातल्या मनात कडाक्याचं भांडलो, जिंकलोही. विभागप्रमुख बाईंच्या खोलीत दार न वाजवताच शिरलो.

"बाई, सासऱ्यांनी वाटोळं केलं. नळी उघडली."

"आधी बसा बघू. टोपणच निसटलं असेल, तर..."

"बसू काय? हे बघा ना!"

असं म्हणून मी पट्टी ओरबाडली, दोन्ही टोपणं काढली आणि नळी त्यांच्या टेबलावर उलटी केली. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं.

बाईंनी वाळूखालचे कागद ओढून बाजूला घेतले.

"टोकाच्या वाळूला नळी ठोकताना उजेड लागतोच, ती आपण तशीही टाकून देतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "मधली शाबूत होती. आत्ता आत्तापर्यंत."

हे मला ठाऊक होतं. दर वर्षी विद्यार्थ्यांना मीच शिकवतो.

तेवढ्यात फोन वाजला. सासरे होते.

"जावईबापू, तुमच्या नळीची काळजी करू नका. अंधारातच टोपण बसवलं. दिवा तर सोडाच, पडदेसुद्धा ओढून घेतले होते. चाचपडताना दार अंगठ्यावर बसलं, तेवढंच."

"जपा अंगठ्याला," मी म्हणालो आणि फोन ठेवला. बाई फडक्याने माझी चार वर्षं टेबलावरून गोळा करत होत्या.

मला राग येत नाही, हे सुरुवातीलाच सांगितलंय. पण मी म्हणतो, खिडकीचा पडदा ओढून बसायला बाईंना काय झालं होतं?