शालिग्रामची किरकोळ शस्त्रक्रिया

मोताळ्याच्या पंचायत समितीतला कारकून शालिग्राम याचं लग्न पाच आठवड्यांवर आलं, तेव्हा त्याला नवरीची नाही, हळदीची धास्ती वाटू लागली. हळद उघड्या अंगाला लावतात, आणि शालिग्रामनं गेल्या बारा वर्षांत चारचौघांत बनियन काढलं नव्हतं.

कारण तसं लहानसं होतं. म्हणजे लहान नव्हतं, हीच अडचण होती. छातीवरच्या बोंडांभोवती प्रत्येक माणसाला काळसर वर्तुळं असतात. इतरांची चवलीच्या नाण्याएवढी, तर शालिग्रामची चांगली बशीएवढी होती. पंधराव्या वर्षी नदीवर पोहायला गेला असता एका मित्रानं सगळ्यांदेखत विचारलं होतं, "शाल्या, तुह्या छातीवर पुऱ्या कोनं लाटल्या बे?" त्या दिवशी त्यानं काठावरचा सदरा पाण्यातच मागवून घेतला आणि तो घालूनच बाहेर आला. पुढे उन्हाळा असो की ताप, बनियन काही अंगावरून उतरलं नाही.

शेवटी एका रविवारी तो गुपचूप बुलढाण्याला गेला. तिथं पुण्याहून आलेल्या एका डॉक्टरनं नवा दवाखाना थाटला होता. डॉक्टरनं छाती पाहिली, दाबली, ठोकली.

"दुखतं का?"

"नाही."

"खाजतं? पाणी येतं?"

"नाही."

"मग त्रास काय आहे?"

"हळद हाये," शालिग्राम म्हणाला.

हळद हा छातीचा त्रास कसा, हे डॉक्टरला कळेना. ते समजावून घेण्यात पाव तास गेला. मग त्यानं कागदावर दोन वर्तुळं काढली. बाहेरची कड कापायची, कातडी आत ओढून शिवायची, की चकती लहान. टाके वाळायला तीन आठवडे, वर आठवडाभर हळद-बिळद काही नाही. शिवणीची बारीक रेघ मात्र जन्मभर राहणार. "लग्नाआधी करायचं तर याच आठवड्यात या," तो म्हणाला. "नंतर करायचं तर केव्हाही. आणि मला विचाराल तर करूच नका."

परतीच्या एसटीत शालिग्रामनं सगळ्या बाजूंनी विचार केला. आधी केलं आणि जखम वाळली नाही, तर हळदीत पुऱ्यांऐवजी पट्ट्या दिसणार. नंतर केलं, तर हळद होऊन गेलेली, मग कशाला करायचं? आणि केलंच नाही, तर सगळं मोताळं त्या पुऱ्या पाहणार. राजूर घाट उतरेपर्यंत त्याचं तीनदा ठरलं आणि तीनदा मोडलं. सोमवारी सकाळी, निदान रजा तरी हाताशी असावी म्हणून, त्यानं अर्ज लिहिला: ‘किरकोळ शस्त्रक्रियेकरिता आठ दिवसांची रजा मिळावी. शस्त्रक्रियेचे स्वरूप खाजगी असल्याने येथे लिहिलेले नाही.’

अर्ज हेडक्लार्क गुलाबरावांच्या हातात पडला, आणि त्यांचे डोळे पाणावले.

ते दिवस कुटुंबनियोजनाचे होते. भिंतीभिंतीवर लाल त्रिकोण रंगवले होते. ऑपरेशन म्हटलं की ते एकच, नसबंदीचं. दुसरं ऑपरेशन लोकांच्या डोक्यात येतच नव्हतं. वरून सारखी विचारणा होत होती की खुद्द कार्यालयातले किती कर्मचारी पुढे आले. आजवर एकही आला नव्हता. गुलाबरावांना स्वतःला सात मुलं होती, पण त्यांची पाठ दुखत असे.

शालिग्रामचं तर अजून लग्नही व्हायचं आहे, ही गोष्ट शेजारच्या टेबलावरच्या दयारामनं त्यांच्या नजरेस आणून दिली. गुलाबराव म्हणाले की यालाच दूरदृष्टी म्हणतात. त्यांनी रजा मंजूर केली आणि कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर स्वतःच्या हातानं, वळणदार अक्षरात लिहिलं: ‘आमच्या कार्यालयातील पहिले मानकरी, श्री. शालिग्राम. ऑपरेशन करून घेणार. इतरांनी बोध घ्यावा.’

शालिग्राम त्या दिवशी मागच्या दारानं घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच आत आला, म्हणून त्याला फळा दिसला नाही. पण मलकापूरहून मेहकरला जाणाऱ्या गाडीचा कंडक्टर कचरू समोरच्या हॉटेलात चहा पीत होता. त्याला फळा दिसला. कचरू सुलतानपूरचा. शालिग्रामची होणारी नवरी अन्नपूर्णा, तीही सुलतानपूरची. संध्याकाळी दिवेलागणीला ही बातमी तिच्या घरी पोचली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अन्नपूर्णेचे वडील उकंडराव पंचायत समितीच्या दारात उभे राहिले. माणूस सहा फूट उंच, मिशा भरदार, बोलणं मोजकं. चैत्राच्या उन्हातही गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. शालिग्राम लगबगीनं उठला. त्याला पाणी विचारायलाही वेळ मिळाला नाही.

"तुमी ऑपरेशन करून राह्यले म्हंतात," उकंडराव म्हणाले. "खरं हाये का?"

 डॉक्टरनं तोंड उघडलं, असंच शालिग्रामला वाटलं. पण सासऱ्याशी खोटं बोलून संसार सुरू करणं त्याला पटेना.

"हाव, मामाजी," तो खाली मान घालून म्हणाला. "फक्त लग्नाच्या आंधी कराव का नंतर, येवढंच ठरून नाही राह्यलं."

"आंधी?"

"आंधीच बरं. नंतर करून काय उपेग? हळदीत तं समदे पाह्यतीनच."

उकंडरावांनी आधाराला टेबल धरलं. हळदीत असलं काही पाहतात, हे त्यांना नवीन होतं. त्यांनी आवाज खाली आणला. "आन आमच्या अन्नपूर्णेचं काय?"

"तिले सांगाचं कायले? तिच्या ध्यानातबी नाही येनार."

"दहा वर्सं घरात पाळना नाही हालला म्हंजे येईन ध्यानात," उकंडराव म्हणाले.

शालिग्रामनं मान वर केली. पाळण्याचा आणि पुऱ्यांचा संबंध त्याला लागेना. तो दयारामकडे पाहू लागला, तेव्हा दयारामनं त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि फळा दाखवला. शालिग्रामनं तो दोनदा वाचला.

आत येऊन त्यानं शपथा घेतल्या. ते ऑपरेशन नव्हेच, दुसरं आहे, असं तो सांगू लागला. दुसरं कोणतं, असं उकंडरावांनी विचारलं. तेवढं सांगता येत नाही, असं तो म्हणाला. उकंडरावांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि ते जायला निघाले. कार्यालय गच्च भरलं होतं. बियाण्याच्या अर्जासाठी आलेले शेतकरी दाटीवाटीनं उभे होते. पण उकंडरावांबरोबर ठरलेलं लग्नही दाराबाहेर चाललं होतं. शालिग्रामनं डोळे मिटले, सदऱ्याची बटणं सोडली आणि बनियन गळ्यापर्यंत वर केलं.

"हे लहान कराचं हाये," तो म्हणाला.

कोणी हसलं नाही. गुलाबरावांनी चष्मा लावून जवळून पाहिलं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं, यात कापन्यासारखं काय हाये, असं विचारलं आणि तो पुन्हा आपल्या अर्जाकडे वळला. बारा वर्षं जपलेलं गुपित तीस-पस्तीस माणसांनी पाहिलं आणि अर्ध्या मिनिटात त्यांचा त्यातला रस संपला. गुलाबराव तेवढे फडकं घेऊन जड पावलांनी फळ्याकडे गेले.

उकंडराव मात्र टक लावून पाहत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "झाका," ते म्हणाले. "लग्न पक्कं. मले स्टँडवर सोडाले चाला."

स्टँडवर त्यांनी शालिग्रामला कडुलिंबाच्या झाडामागे नेलं. इकडेतिकडे पाहिलं. "हे लहान करनाऱ्या डाक्तरचं नाव काय?"

"तुमाले कायले, मामाजी?"

उकंडरावांनी कोटाची आणि आतल्या बंडीची वरची बटणं सोडली, दोन्ही जरासं फाकवलं आणि लगेच मिटलं. शालिग्रामनं पाहिलं ते एवढंच, की आपल्या त्या पुऱ्या असतील, तर या भाकरी होत्या.

"चाळीस वर्सं बंडी घालून आंघोळ करून राह्यलो," ते म्हणाले. "लग्न होऊन जाऊ द्या. मंग दोघं मिळून जाऊ."

हळद लागली. बायकांनी ती इतकी जाड थापली की खाली छाती आहे की भिंत, हेही कळेना. लग्न झालं. पंधरा दिवसांनी शालिग्रामनं धीर करून अन्नपूर्णेजवळ ऑपरेशनाचा विषय काढला. कसलं, म्हणून तिनं विचारलं. त्यानं दाखवलं. तिनं नीट पाहिलं.

"याले काय झालं?" ती म्हणाली. "मले तं वाटलं समद्या मानसायचं असंच राह्यते. लहानपनी बाबाले न्हानीत ओली बंडी बदलतानी पाह्यलं, त्यायचं तं याहून मोठं हाये."

शालिग्रामचा निर्णय तिथल्या तिथे झाला. पण सासऱ्याला कळवणार कसं? पत्रात लिहिण्याजोगी ही गोष्ट नव्हती. ठरल्या दिवशी तो बुलढाण्याच्या स्टँडवर गेला. उकंडराव पिशवीत धोतरजोडी आणि सातूचं पीठ घेऊन, दोन दिवसांच्या तयारीनं उतरले. शालिग्रामनं त्यांना बाकावर बसवून अन्नपूर्णेचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

उकंडरावांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"हासली होती का ते?"

"नाही. तिले वाटे समद्यायचं तसंच राह्यते."

त्यांनी मिशांवरून हात फिरवला. मग कोटाची आणि बंडीचीही सगळी बटणं सोडली आणि छातीवर वारा घेतला. शालिग्रामला बरं वाटलं. चहा घेऊन परतीची गाडी पाहू, असं तो म्हणाला. उकंडराव उठेनात.

"मी गावाले सांगून आलो, दाढ काढाले जातो म्हून," ते म्हणाले. "अर्धं गाव स्टँडवर पोचवाले आल्तं. दाढ तशीच घेऊन घरी कसा जाऊ?"

दातांचा डॉक्टर दोन गल्ल्या पलीकडे होता. कोणती दाढ दुखते, असं त्यानं विचारलं. उकंडरावांनी तोंडात बोट घालून, खालची जी पहिली बोटाला लागली, ती दाखवली.