टेनिसला वन्स मोर

आमच्या कामठ्यात चहाचा दुसरा कप कोणी मागत नाही, "नको नको" म्हणत घेतो. बिसेन काकाजी मात्र रिकामा कप वर धरून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडतात, "वन्स मोर!"

मी त्यांची शेजारीण. रविवारचा त्यांचा चहा माझ्याकडे.

"काकाजी, हे नाटक नाही, चहा आहे."

"चांगल्या गोष्टीले दाद द्या लागते, माधुरी. नाही देल्ली तं करणारा थकते जी."

उमेदीत ते झाडीपट्टीतल्या नाटकांत पेटी वाजवायचे. मांडवातून वन्स मोर आला की पद पुन्हा. ते त्यांच्या अंगात इतकं मुरलं, की काकाजी ते मेलबर्नलाही घेऊन गेले.

काकू गेल्या, तेव्हा तिथे राहणारा मुलगा सुनील त्यांना सहा महिने तिकडे घेऊन गेला होता. तिथे त्याने एकदा टेनिस दाखवलं, अगदी खरं, मोठ्या खेळाडूंचं.

"टीव्हीवर चेंडू दिसते. तिथं कायचा दिसते, बाप्पा! टॉक आवाज येते, अन् आपण पाहतो तं चेंडू पल्ल्याड. अन् हजारो माणसं, पण खोकला नाही! आपल्या मांडवात हिरो मरून राहते तरी लोक शेंगा फोडून राहतात."

मग एका उंच पोरीने चेंडू वर फेकला, कंबर मागे वाकवली आणि असा हाणला, की काकाजींना राहवलं नाही. त्या शांततेत ते उभे राहिले आणि ओरडले, "वन्स मोर!"

"अन् तिनं मारला ना जी पुन्हा! लगेच!"

पहिला चेंडू जाळीत गेला होता, सर्व्हिस दोनदा करता येते, हे मी त्यांना सतरा वेळा सांगितलं. "तं मंग उंच खुर्चीवरच्या साहेबानं माईकवरून मले थँक्यू कायले म्हटलं?" माणसांना गप्प करायची ती तिथली रीत, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

"आणि सुनील काय म्हणाला?" मी विचारायची.

"त्याले हसू आलं," एवढं म्हणून काकाजी चपला शोधायला लागायचे.

एका रविवारी चपला पायातच होत्या. शोधायला काही उरलं नव्हतं, म्हणून की काय, खरं बोलून गेले. "पाणी आणतो म्हणून उठला तो. खेळ सरेपर्यंत आलाच नाही. मागं पायऱ्यांवर उभा होता, मान खाली घालून. घरी जाताना गाडीत एक शब्द नाही. आपल्यामुळं पोराले लाज आली, माधुरी."

त्या सामन्यापासून सुनीलच्या फोनवर काकाजी शाळेच्या पुस्तकासारखं बोलतात. "हो. बरा आहे. जेवलो. ठेवतो." तो "या" म्हणत नव्हता, आणि हे "येऊ का" म्हणून विचारत नव्हते. मला असा संताप यायचा!

गेल्या महिन्यात काकाजी मोबाइल माझ्याकडे विसरून गेले आणि नेमका सुनीलचा फोन आला. मी मेली तोंडाळच. म्हटलं, "तुझे बाबा गावभर सांगतात, वन्स मोर ऐकून पोराला हसू आलं. आलं होतं का रे?" त्याने फोनच ठेवून दिला.

पुढच्या रविवारी चहा चालू असताना फोन वाजला. काकाजींना कमी ऐकू येतं, म्हणून फोन नेहमी स्पीकरवरच.

"बाबा, जानेवारीत पुन्हा टेनिस आहे. दोन तिकिटं काढू का?"

काकाजींनी कप बशीत ठेवला. "येतो," ते घाईघाईने म्हणाले. "मी गप्प बसेन, सुनील. एक शब्द बोलणार नाही. पाहिजे तर तोंडाला रुमाल बांधतो."

मग सुनील बोलला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा घरच्या बोलीत बोलला.

"मंग वन्स मोर कोन म्हणन, बाबा?"

काकाजींनी रिकामा कप उचलला, वर धरला. "वन्स मोर"ची वाट न पाहता मी चहा ओतला.