शेंडे सिस्टर आणि उत्तरेचा सरदार

बाळाच्या मांडीत सुई टोचायच्या आधी शेंडे सिस्टर त्याच्या आईला एक प्रश्न विचारतात. मागच्या लसीला ताप आला होता का, हा तो प्रश्न नव्हे. तोही विचारतात, पण नंतर. आधी विचारतात, "मांगच्या महिन्यात कुठवर आलतो आपन?"

आई सांगते, "सरदाराले बाण लागला होता, बाई."

"हां. तं आता आयक."

सरदाराच्या खांद्यातला बाण वैद्य कसा ओढून काढतो, हे ऐकता ऐकता सुई मांडीत जाऊन परत आलेली असते. बाळ टाहो फोडतं, पण आईचं लक्ष सरदारात. "पुढचं पुढच्या डोजाले," म्हणून सिस्टर कापूस दाबतात. पुढच्या महिन्यात ती आई, तिची जाऊ आणि जिच्या घरात लसीच्या वयाचं एकही मूल नाही अशी शेजारीण, तिघी वेळेच्या आधी अंगणवाडीत हजर असतात.

मी सिस्टरांच्याच उपकेंद्रात आरोग्यसेवक. आठ वर्षं सिस्टरांबरोबर काम केलं. त्या मला मेश्राम भाऊ म्हणत, मी त्यांना बाई. मी जातीचा भित्रा माणूस. वाघाला भिणं आमच्या भागात भित्रेपणात मोजत नाहीत, पण मी तपासणीला भितो, बंद लिफाफ्याला भितो आणि "जरा बाजूला या" म्हणणाऱ्या कुठल्याही माणसाला भितो. अशा माणसाच्या वाट्याला शेंडे सिस्टर याव्यात, ही आरोग्य खात्याची थट्टाच म्हणायची.

तर हा सरदार. सिस्टरांची भाची नागपुरात शिकते. एका सुट्टीत तिने मावशीला जपानी चित्रकथा दाखवली आणि ती निघून गेली. मावशी मागे राहिली ती त्या कथेतच. शहरातला एक डॉक्टर ट्रकखाली येऊन मरतो आणि दुसऱ्याच दुनियेत जागा होतो. तिथे किल्ले, जादू, ड्रॅगन. उत्तरेच्या किल्ल्यावर एक घुम्या सरदार. तो युद्धावरून जखमा घेऊन येतो, हा त्या शिवतो, आणि असं करता करता दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. दोघंही पुरुष. दर बुधवारी नवा भाग.

सिस्टर बौद्ध घरातल्या. नवस, अंगारे, मागचा जन्म, पुढचा जन्म यातलं काही खपवून घेत नाहीत. मी एकदा हिंमत करून विचारलं, "बाई, मग हा डॉक्टर मरून दुसरीकडे जन्मतो ते कसं चालतं तुम्हाले?"

"तो पुनर्जन्म नाई भाऊ. बदली हाये ते. मानूस तोच, पोस्टिंग दुसरं."

खात्यात तीस वर्षं काढलेल्या बाईचं हे उत्तर मला पटलं. ट्रक म्हणजे ऑर्डर, ड्रॅगन म्हणजे तालुक्याची आढावा बैठक. एवढं जुळवून घेतलं की ती दुनिया आपल्याच जिल्ह्यातली वाटायला लागते.

पहिल्या पहिल्यांदा बायांनाही प्रश्न पडायचा. धानाच्या रोवणीवरून चिखलाच्या पायांनीच आलेल्या एकीने सरळ विचारलं, "बाई, दोघंबी मानसंच हायेत ना?"

"हायेत ना. म्हनूनच तं मले आयकाले गोड लागते. त्याच्यात एखादी पोरगी असती, तं मले तिची काळजी लागली असती. हिचं हिमोग्लोबिन किती, हिची सासू कशी, हे किती बाळंतपनं काढन. जीव खालीवर झाला असता. इथी दोघंबी तगडे. दोघंबी तलवार चालवतात, दोघंबी भाकर थापतात. कोनी कोनाच्या घरी नांदाले जात नाई. आरामात आयकता येते."

ती बाई विचारात पडली. मग म्हणाली, "थापते का खरंच? सरदार?"

"थापते. वाकडी होते, पन थापते."

त्या दिवशी अंगणवाडीत बराच वेळ सरदाराच्या भाकरीवर चर्चा झाली. मी दाराशी उभा राहून रस्त्यावर कोणाची जीप येते का ते बघत होतो. माझं मुख्य काम तेच झालं होतं.

कारण गोष्ट उतरवायची कुठून? गावात नेटवर्क येतं ते पाण्याच्या टाकीखाली, आणि तेही उपकेंद्राला मिळालेल्या सरकारी टॅबलाच. सिस्टरांच्या फोनला टाकीखालीही कोणी विचारत नाही, माझा तर बटनांचा. त्या टॅबवर आम्ही दोघांनी मिळून नोंदी करायच्या, लसीकरणाचे फोटो काढायचे आणि तालुक्याच्या ग्रुपवर टाकायचे. त्याच सरकारी टॅबवर दर बुधवारी उत्तरेचा सरदार अवतरायचा. हे कोणी पाहिलं तर काय, या विचाराने मी मंगळवारपासूनच रस्त्यावरच्या जीपा मोजायला लागायचो.

त्यात आणखी एक भानगड. जपानी गोष्टीचं भाषांतर इंग्रजीत. सिस्टरांचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांपुरतं. मग टाकीच्या सिमेंटच्या पायरीवर बसून मी वाचून सांगायचो आणि त्या ऐकायच्या. मधूनच थांबवायच्या. "तीनशे पानं झाले, यानं हात नाई धरला. बीपी असन त्याले." किंवा, "वैद्यानं आधी जखम धुवाले पायजे होती. सेप्टिक होईन."

एकदा त्यांनी मला एका शब्दावर अडवलं. "लाँगिंग म्हंजे काय भाऊ?"

"ओढ," मी म्हणालो. आणि मला पुढचं वाचता येईना.

सांगूनच टाकतो. बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या गावी असताना, मी एका वनरक्षकाबरोबर एका खोलीत राहायचो. चार वर्षं राहिलो. तो भात लावायचा, मी भाजी चिरायचो. ते काय होतं याचं नाव आम्ही दोघांनीही कधी घेतलं नाही. मग त्याच्या घरच्यांनी त्याचं लग्न लावलं, त्याने पार लांब, सिरोंच्याकडे बदली मागून घेतली. माझं लग्न राहून गेलं. लोक विचारतात तेव्हा मी पत्रिकेवर ढकलतो. आमच्याकडे पत्रिका बघत नाहीत हे ज्यांना माहीत आहे, ते हसून गप्प बसतात आणि त्या हसण्याने मी आठवडाभर अस्वस्थ असतो.

सिस्टरांनी त्या दिवशी काही विचारलं नाही. टाकीकडे बघत एवढंच म्हणाल्या, "त्या दुनियेत पाहा भाऊ, कोनी नाई विचारत कोनाचा तू, कोन्या जातीचा, लगन काऊन नाई केलं. ड्रॅगन आला की एकच विचारतात, सोबत कोन हाये?"

तेव्हापासून बुधवारची वाट मीही बघायला लागलो. त्यांच्यापेक्षा जास्त, हे आता कबूल करायला हरकत नाही. एका भागात सरदार तापात पडलेला असतो, वैद्य त्याच्या हाताला पट्टी बांधतो आणि सरदार डोळे न उघडताच त्याच्या कपाळाला कपाळ टेकवतो. ते चित्र मी टॅबमध्ये ठेवून घेतलं. सिस्टरांना न सांगता. अधूनमधून नोंदी करायच्या निमित्ताने उघडून बघायचो.

माझ्यासारख्या घाबरटाने असलं काही ठेवू नये. एका बुधवारी पलीकडच्या गावात लसीकरणाचं सत्र होतं. उरकून टाकीखाली पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं, आणि बांधावर वाघाचे पंजे दिसल्याची बातमी दुपारीच आली होती. मी घाईघाईने फोटो निवडले, खाली नेहमीचं वाक्य लिहिलं, "आजचे सत्र शांततेत पार पडले," आणि पाठवून दिले. पाठवल्यावर पाहिलं. पहिला फोटो पोलिओचे थेंब घेणाऱ्या मुलाचा. दुसरा आयांच्या रांगेचा. तिसरा सरदार आणि वैद्याचा.

पुसायला बोट पुढे केलं आणि नेटवर्क गेलं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. तोवर तालुक्यातल्या सगळ्या सिस्टर, सगळे सेवक आणि खुद्द तालुका आरोग्य अधिकारी साहेब यांनी ते चित्र पाहिलं होतं. कोणी एक अक्षर लिहिलं नव्हतं. फक्त कार्यालयातल्या ऑपरेटरने, जो न वाचता सगळ्याला अंगठा देतो, त्यालाही अंगठा दिला होता.

दुपारी बोलावणं आलं. दोघांनाही.

मोटारसायकलवर सिस्टर मागे बसल्या होत्या. मी मनात वाक्यं जुळवत होतो. हात लागला साहेब. आपोआप आलं साहेब. पण मला भीती नोटिशीची नव्हती. साहेब विचारतील, हे चित्र तुमच्याकडे का होतं, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्यांना उत्तर कळेल, याची होती. मग ते ग्रुपला कळेल, मग गावाला. आठ वर्षं ज्या घरांत मी पाणी पितो, त्या घरांत मला दारातच उभं करतील.

साहेबांनी आमचा टॅब मागून घेऊन टेबलावर ठेवला. "सरकारी टॅबवर हे काय आहे? कोणी पाठवलं?"



"म्या पाठवलं," शेंडे सिस्टर म्हणाल्या.

"तुम्ही? या वयात असलं बघता?"

"वयाचं काय साहेब. डोळे चांगले हायेत अजून."

साहेबांनी टॅब उलटा करून ठेवला. ते माझ्याकडे वळले. "मेश्राम, तुम्हाला माहीत होतं?"

मी म्हणालो, "नाही साहेब."

हे मी म्हणालो. माझ्याच तोंडाने. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाहेर टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. मी म्हणालो, "बाई, ते मी पाठवलं होतं."

"माहीत हाये ना. मले फोटो पाठवता येते का कधी?"

"मग काऊन घेतलं अंगावर? दोन वर्षं राह्यली तुमच्या रिटायरमेंटले."

त्यांनी चहा बशीत ओतला. "मी विधवा बाई, भाऊ. लोक म्हनतीन, म्हातारी येडी झाली. म्हनू दे. दोन दिवस हासतीन आन भुलून जातीन. तुमच्यावर हासले नसते ते. तुमाले इचारलं असतं."

महिन्याभरात त्यांची बदली झाली, पार आतल्या जंगलातल्या उपकेंद्रात. पावसाळ्यात नाला भरला की तिथला रस्ताच बंद होतो. सामान चढवायला मी गेलो होतो. तीस वर्षांच्या नोकरीचं सामान एका छोट्या गाडीत मावलं आणि तरी जागा उरली. घरात बोलायला कोणी नाही म्हणून ही बाई गावभरच्या आयांना गोष्ट सांगत होती, हे मला आठ वर्षांत सुचलं नव्हतं. मी माझ्याच भीतीत होतो.

आता त्या महिन्याला एकदा बैठकीसाठी तालुक्याला येतात. नव्या गावातल्या आयांना मराठी फारशी कळत नाही, म्हणून सिस्टर गोंडी शिकताहेत. ड्रॅगनला काय म्हणायचं यावर गाडी अडली आहे, सध्या मोठ्या घोरपडीवर भागवतात. तिथे नेटवर्क नाही, म्हणून बैठक सुटली की टपरीवर बसून, टाकीखाली वाचून ठेवलेले चार बुधवारचे चार भाग मी त्यांना सांगतो. तेव्हाही माझं अर्धं लक्ष रस्त्याकडे असतं. सवय जात नाही.

मागच्या बैठकीला सरदाराने शेवटी हात धरला. मी ते सांगितलं, जरा घाईतच, आवाज खाली करून. सिस्टरांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "आन तुमचा?"

"माझा काय, बाई?"

"नाव काय त्याचं?"

टपरीवर माणसं होती. समोरून आमच्याच कार्यालयाची जीप चालली होती. मी नाव सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा ते माझ्या तोंडून बाहेर आलं, आणि काहीच झालं नाही. टपरीवाला दूध ओतत राहिला.

"चांगलं नाव हाये," सिस्टर म्हणाल्या. "जेवते का तो बराबर?"

मला माहीत नव्हतं. एवढी साधी गोष्ट मला त्याच्याविषयी माहीत नव्हती, आणि मी तिथेच, दिवसाढवळ्या, माणसांत रडलो. सिस्टर उठल्या नाहीत, समजूत घातली नाही. त्यांनी पर्समधून कापसाची गुंडाळी काढली, एक तुकडा तोडून माझ्या हातात दिला आणि मी डोळे पुसेपर्यंत माझ्याऐवजी त्या रस्त्याकडे बघत बसल्या.