चार शर्यती आणि एक पुरचुंडी

आधीच सांगून टाकतो. सन चौतीस साली अख्ख्या रत्नागिरीत माझ्याइतका जोरात धावणारा दुसरा माणूस नव्हता! हे मी म्हणत नाही, तालमीचे सखाराम वस्ताद म्हणत. आता वस्ताद आपले सगळे अर्ज माझ्याकडून लिहून घेत, कारण मी कचेरीत कारकून, ही गोष्ट वेगळी. पण पाय माझे होते आणि ते धावत होते, याबद्दल वाद नाही. तरी त्या वर्षी मी चार शर्यती धावलो, त्यांतल्या तीन हरलो आणि चौथी जिंकलो. हरलेल्या तीन मी चार माणसांत खुशाल सांगतो. जिंकलेली सांगायची म्हटली की आधी समोरच्या घराचं दार लागलंय का ते बघून घेतो.

हरण्याचं कारण पाय नव्हते, आमची आळी होती. आमच्याकडे कुणी कुठं निघाला की त्याला मोकळ्या हातानं जाऊ द्यायचं नाही, अशी रीतच आहे. मुंबईस निघालेल्या माणसाच्या सामानात त्याचं स्वतःचं काय असतं? एक सदरा. बाकी कुणाच्या भावाची आमसुलं, कुणाच्या जावयाचं कुळथाचं पीठ, कुणाचे सुके बांगडे. बोटीवर चढेपर्यंत माणसाची बैलगाडी झालेली असते. आणि मी तर धावत जाणारा, म्हणजे जिन्नस ताजा पोचणार! मी शर्यतीत नाव घातल्याचं आळीत कळलं तेव्हा जिंकशील काय, असं एकानंही विचारलं नाही. सगळ्यांनी विचारलं, कुठवर जाणार?

पहिली शर्यत संक्रांतीची. तालमीपासून भाट्याच्या खाडीवरच्या तरीपर्यंत आणि परत. निघताना बायकोनं, दमयंतीनं, तिळगुळाचा डबा हातात ठेवला. तिची आत्या तरीजवळच राहते. दारातून नुसता द्या आणि पळा, म्हणाली. मी पहिला होतो, मागच्याची सावलीसुद्धा दिसत नव्हती. दिला डबा. पण आत्येसासूच्या दारातून जावई नुसता पळाला असं कुणी कधी ऐकलंय? तिनं पाट मांडला. पोहे झाले, चहा झाला, दमयंतीच्या दाढदुखीची चौकशी झाली. मी उठलो तर म्हणते, डबा रिकामा कसा परत देऊ? आणि वडे तळायला घेतले. तिथंच, कढईपाशी, माझ्यासमोर! मी तालमीत परत पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून सतरंज्या गुंडाळणं चाललं होतं. वस्तादांनी डबा उघडला, उभ्या उभ्या तीन वडे खाल्ले आणि माझ्या पायांची तारीफ केली.

दुसरी शर्यत शिमग्याची, हातखंब्याहून रत्नागिरी. आम्हा धावणाऱ्यांना सकाळी गाडीतून तिथं नेऊन सोडलं. बघतो तर शेजारच्या मथुरावहिनींचा भाऊ रघू नाक्यावर माझी वाट बघत उभा, आणि त्याच्या काखेत कोंबडी. ताईला पोचती करा, सण आहे, म्हणाला. नाही कसं म्हणायचं? पहिले दोन मैल मी कोंबडी काखेत मारून सगळ्यांच्या पुढं धावलो. तिचे पाय बांधले होते, तोंड मोकळं होतं. ती असा काही गळा काढत होती की रस्त्याकडेची माणसं माझ्याकडे बघायची सोडून माझ्या मागं कोण लागलंय ते बघत. उतारावर तिच्या पायांची दोरी सुटली. कोंबडी खाली उतरली आणि घराकडे, म्हणजे हातखंब्याकडे निघाली.

मी तिच्या मागं. आता मला बाकीचे धावणारे समोरून भेटायला लागले. एकानं धावता धावता विचारलं, काय हो, काही विसरलात का? मी त्या दिवशी सगळ्यांहून जास्त धावलो, ही गोष्ट कुणी मोजलीच नाही! कोंबडी सापडली ती थेट रघूच्या अंगणात. त्यानं ती पुन्हा नीट बांधून दिली आणि मी सर्व्हिस मोटारनं रत्नागिरीत आलो. मथुरावहिनींनी तिला हातात तोलून बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, वाटेत वाळली हो.

तेव्हा मी जाहीर केलं, यापुढं जिन्नस घेणार नाही. आळीनं ते मनाला लावून घेतलं नाही. दसऱ्याच्या शर्यतीच्या आदल्या दिवशी सदू आला. सदू म्हणजे आमच्या डाव्या हाताचा शेजारी, सावकाश माणूस, आंघोळीला गेला तर बायको जेवण उरकून घेते. म्हणाला, निरोपाला वजन नसतं. मलाही ते पटलं. दोनच निरोप होते. शर्यत खेडशीकडे जायची, त्या वाटेवर महिपतच्या घरी सांगायचं, की गुरुवारी म्हैस बघायला गिऱ्हाईक येतंय. पुढं काशीच्या घरी सांगायचं, की गुरुवारी तिच्या नणंदेला बघायला पाहुणे येतायत. थांबायचं नाही असं ठरवलंच होतं, तेव्हा मी दोन्ही दारांत धावता धावता ओरडलो. आणि उलटं ओरडलो!

महिपतला चार मुलगे, मुलगी नाही. तरी त्याच्या बायकोनं गुरुवारी लाडू वळले, कोण येतंय ते तरी बघू म्हणून. इकडे काशीच्या घरीही एक म्हैस होती. विकायची नव्हती, पण गिऱ्हाईक आपल्या पायानं येतंय तर दाखवायला काय जातं? काशीचा सासरा हरिश्चंद्र ओटीवर बसला होता. पाहुण्यांनी आम्ही बघायला आलोय म्हटलं, आणि म्हातारा सुरू झाला. खायला बेताचंच लागतं. स्वभाव गरीब. एकदाच लाथ मारली, तीही घरातल्याच माणसाला. याआधी दोन ठिकाणी नेऊन दाखवली, पण तिथं रुळली नाही, परत आणली. पाहुणे चहाला थांबले नाहीत. त्या पोरीचं पुढं चांगल्या घरी जमलं म्हणून माझं खेडशीच्या बाजूला जाणं-येणं तरी राहिलं. आणि ओरडण्यात दम गेल्यामुळं त्या शर्यतीत मी दुसरा आलो.

कचेरीत माझं हसं झालं. हेडक्लार्क मला रोज विचारत, आज कोंबड्यांची डाक किती वाजता निघते? मी देवापुढं हात जोडून ठरवलं, मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीची शर्यत शेवटची. तिच्यात ना जिन्नस, ना निरोप. चांदीच्या मुलाम्याचा पेला आणायचा आणि तो हेडक्लार्कच्या टेबलावर नेऊन ठेवायचा. शर्यत तालमीपासून निघून आमच्या आळीवरून बंदरावर जायची होती. आळीत मी घरोघर जाऊन सांगितलं, कृपा करा.

आता जनीकाकीबद्दल सांगायला हवं. ती आमच्या समोरच्या घरात राहते. नवरा फार वर्षांपूर्वी मचवा घेऊन दर्यात गेला तो परत आला नाही. एकुलता एक मुलगा लवू, मुंबईला गिरणीत. तो दिवाळीला आला तो सांगत आला, की गिरणी सोडली, परदेशी जाणाऱ्या मोठ्या बोटीवर खलाशाची जागा मिळाली. त्यावरून मायलेकांचं महिनाभर चाललं होतं. दत्तजयंतीच्या आदल्या संध्याकाळी अख्ख्या आळीनं ऐकलं, काकी म्हणाली, दर्यावर गेलास तर मला पुन्हा तोंड दाखवू नकोस. सकाळी लवू पाया न पडता ट्रंक डोक्यावर घेऊन बंदरावर गेला. कुणाचं एक आमसूलदेखील त्याच्याबरोबर नव्हतं. आमच्या आळीतून रिकाम्या हातानं मुंबईस गेलेला तो पहिला माणूस.

दुपारी मी तालमीकडे निघालो तर काकी माझ्या पायरीशी उभी. तिचे गुडघे धरलेले, चार पावलं टाकायची तर भिंत लागते. हातात सुपारीएवढी पुरचुंडी.

"धोंडू, लवू बंदरावर हाय. बोट चारची हाय," ती म्हणाली. "एवढं त्याच्या हातात दे. आणि एकच शब्द सांग..."

मी तिला शब्द पुरा करू दिला नाही. फार गोड बोललो, याची मला आजही लाज वाटते. म्हटलं, काकी, आज काही नाही हां. आज नुसते पाय. सगळ्यांना सांगितलंय, तुला एकटीला हो कसं म्हणू? ती भिंत धरून परत वळली. आणि मला वाटलं, वा धोंडू, जमलं बुवा तुला!

शर्यत सुटली. तालमीपासून आळीपर्यंत मी कुणाला शिवूसुद्धा दिलं नाही. वळणावर आलो तर काकी कुंपणाशी, एका हातानं खांब धरून, दुसरा हात रस्त्यावर पुढं केलेला. हातात तीच पुरचुंडी. मला थांबायचं नव्हतं, नुसतं हातातून उचलायचं होतं. धावणारा माणूस फांदीवरचं पान ओढतो, तेवढंच काम. मथुरावहिनी, सदू, दमयंती, सगळे दारात उभे राहून बघत होते.

मी रस्त्याची दुसरी बाजू धरली.

पेला मी जिंकला. इतका पुढं होतो की मागचा माणूस दिसेपर्यंत धक्क्यावर बसून एक शहाळं पिऊन झालं. वस्तादांनी हार घातला. खाली उतारूंना बोटीवर नेणारा पडाव भरत होता, बोट बाहेर खोल पाण्यात उभी होती. पडावात लवू ट्रंकेवर बसलेला. मला बघून तो उभा राहिला. त्याला वाटलं असणार, धोंडूभाऊ धावत आला म्हणजे काहीतरी घेऊनच आला. दुसरं काय वाटणार?

"धोंडूभाऊ," तो खालून म्हणाला, "आयेनं काय दिलंय?"

मी हसलो. वर्षभरात पहिल्यांदा मला हा प्रश्न आवडला होता. मी दोन्ही हात वर केले, पंजे उघडून त्याला दाखवले आणि सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं म्हटलं, "काही नाही! आज काही नाही!"

लवू खाली बसला. पडाव सुटला. पडाव अर्ध्या वाटेवर असताना सदू धक्क्यावर पोचला. काकीनं ती पुरचुंडी शेवटी त्याच्याकडे दिली होती. जन्मात पहिल्यांदा सदू धावत आला होता, घामानं भिजला होता, एक वहाण वाटेतच पडली होती. त्यानं माझ्या गळ्यातल्या हाराकडे बघितलं आणि वहाण शोधायला परत गेला.

मला वाजतगाजत आळीत आणलं. काकी अजून कुंपणाशीच होती. वाजंत्री पुढं गेली, मी थांबलो.

"लवू भेटला काय?" तिनं विचारलं.

म्हटलं, भेटला. विचारत होता, आयेनं काय दिलंय.

"मग तू काय सांगितलंस?"

मी सांगितलं. हात कसे वर केले तेही, मूर्खासारखं, करून दाखवलं. तिनं माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "देवीचा अंगारा होता रे. आणि सांगायचं होतं, की काल बोलले ते रागानं बोलले. घरी ये म्हणावं."

त्याला आता दोन गणपती झाले. लवू आला नाही. काकीला लिहिता येत नाही म्हणून पत्रं मीच लिहितो. तिनं सांगितलेलं सगळं लिहितो आणि खाली माझंही लिहितो, की चूक माझी आहे. मुंबईच्या खोलीवर पाठवलेली पत्रं या पत्त्यावर राहत नाही असा शेरा घेऊन परत येतात. एकदा हर्णेचा एक खलाशी सांगून गेला, की लवू खुशाल आहे, त्याची बोट वर्षा-सहा महिन्यांनी मुंबईला लागते, पण तो गावचं नाव काढत नाही.

पेला मी कचेरीत नेलाच नाही. दमयंती त्यात सुंठ ठेवते. आणि आळीनं मला काही द्यायचं सोडलं. कुणी भांडलं नाही, वाकडं बोललं नाही. मीच आता निघताना दारोदार विचारतो, बंदरावर चाललोय, काही न्यायचंय का? वहिनी, फणस? सुके बांगडे? कोंबडी असली तरी चालेल! मथुरावहिनी हसून म्हणतात, नको भावजी, उगीच तुम्हाला धावताना अडचण. गेल्या महिन्यात त्यांनी रघूकडे तांदळाची पिशवी पाठवली ती सदूबरोबर. तीन दिवसांनी पोचली, पण पोचली.

एकटी जनीकाकी देते. मुंबईची बोट यायच्या दिवशी कचेरी सुटली की मी तिच्या दारात जातो. ती पुरचुंडी माझ्या हातावर ठेवते आणि सांगते, लवू उतरला तर दे. मी धावत बंदरावर जातो. कुठलीही शर्यत असा धावलो नसेन, कारण आज बोट लवकर आली आणि तो उतरून भलतीकडेच गेला तर काय घ्या! पडावातून उतरणाऱ्या एकेकाचं तोंड बघतो. शेवटचा माणूस उतरून गेला की तसाच धावत परत येतो. वाट बघत बसली असेल, असं वाटतं.

परवाही तसाच आलो. धापा टाकत पुरचुंडी तिच्या हातात ठेवली. तिनं गाठ चाचपून बघितली, कनवटीला लावली आणि मला बसायला पाट सरकवला.

"सावकाश येत जा रे," ती म्हणाली. "परत आणायला कसली घाई?"