सायीच्या रंगाचा तिसरा हात

राजेंद्र गव्हाणे यांच्या गारखेड्यातल्या घरात हॉलच्या भिंतीवर त्यांच्या मुलीचं लग्न अजून शाबूत होतं. कोर्टाने ते केव्हाच मोडलं होतं, पण निकाल भिंतीपर्यंत पोचला नव्हता. गणपती, केळीचे खांब, कलश आणि खाली हातभर अक्षरांत ‘शुभ विवाह. चि. सत्यम आणि चि. सौ. कां. मोनाली.’ असला मजकूर लोक दाराबाहेर लिहून घेतात. राजेंद्ररावांनी मात्र लग्नाआधी हौसेने बाहेर टाइल्स ठोकल्या होत्या आणि टाइलवर रंग धरत नाही. म्हणून तो आत आला होता, दारातून शिरल्या शिरल्या समोर.

आता तो रविवारच्या आत जायला हवा होता, कारण सिल्लोडचे पाहुणे मोनालीला बघायला येणार होते. स्थळ आणलं होतं राजेंद्ररावांच्या बहिणीने, आशाबाईने. मुलीचा नुसता साखरपुडा मोडलाय, एवढंच तिने पाहुण्यांना सांगितलं होतं. खोटं बोलण्यात आशाबाईचा हात धरणारं सगळ्या भावकीत कोणी नव्हतं.

“पप्पा, खरं सांगून टाका ना,” मोनाली म्हणाली. “तो मारायचा, म्हणून मी निघून आले. यात माझं काय चुकलं?”

“तुझं कायच चुकलं नाय. पण हे ऐकून ते चहाला तरी थांबतील का? एकदा लग्न ठरू दे. मग सांगू सावकाश.”

“सावकाश म्हणजे कधी? बारशाला?”

राजेंद्रराव बायकोला, रत्नमालाबाईंना, घेऊन रंगाच्या दुकानात गेले.

त्यांच्या मनात चॉकलेटी रंग होता. एकदा फासला की खाली काय होतं ते देवालाही कळू नये. रत्नमालाबाईंनी तो मोडीत काढला. “अंधारात पोरगी दाखवायची का? लोक म्हणतील, काय तरी लपवायलेत.”

“मग पांढरा घे.”

“दवाखाना हाय का आपला?”

दुकानदाराने पांढऱ्याच्या जवळपासचे सगळे रंग काउंटरवर मांडले. एक रत्नमालाबाईंना कावीळ झाल्यासारखा वाटला, एक राखेसारखा. शेवटी दुधावरच्या सायीसारख्या एका ऑफ व्हाइटवर त्यांचं बोट थांबलं. उबदार, समंजस रंग. या घरात कधी कोणी मोठ्याने बोललंसुद्धा नसेल असं बघणाऱ्याला वाटावं, असा. पोरगीही त्यात उजळ दिसेल, असं दुकानदार म्हणाला, आणि सौदा झाला.

पेंटर फकिरा आला आणि भिंतीसमोर उभाच राहिला. ती अक्षरं त्याचीच होती.

“साहेब, हे पुसायचं? लई जीव लावून काढलं व्हतं. तुमीच म्हनले व्हते, फकिरा, असा ऑइलपेंट मार की नातवंडांनी वाचलं पायजे.”

“आता नको नातवंडांचं. काम बोल.”

“खरवडावं लागंल मग.”

“खरवडायचं नाय. आवाज होईल, शेजारी विचारतील कामून खरवडायलेत म्हणून.” राजेंद्ररावांनी उठून रस्त्याकडच्या खिडक्या लावून घेतल्या.

“मग वरूनच मारतो. फिकीर नका करू, एका हातात गायब.” पेंटर लोक रंगाच्या एका थराला हात म्हणतात.

आणि खरंच, एका हातात सगळं गायब झालं. राजेंद्ररावांनी खुशीत येऊन भजी मागवली. रंग ओला असतो तोवर कुठलंही पाप झाकतो, हे त्यांना संध्याकाळी कळलं. भिंत वाळली तसा गणपती वर आला, मग केळी, मग अक्षरं. लाल रंग सायीत उतरून गुलाबी झाला होता. सत्यम इतका गोड कधीच दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुसरा हात झाला. गणपती गेला, कलश गेला. मोनालीचं नाव फकिराने हौसेने हळदीच्या पिवळ्यात लिहिलं होतं, त्याचा मागमूस राहिला नाही. उरलं फक्त ‘चि. सत्यम’. तिसऱ्या हातानंतरही ते उरलंच, जरा फिकट.

“नावातच चिरंजीव हाय, साहेब,” फकिरा म्हणाला.

मोनाली ऑफिसमधून आली, पर्स खांद्याला तशीच ठेवून भिंतीकडे बघत राहिली. “मला बराबर पुसलंत. त्याला कायच झालं नाय.”

राजेंद्ररावांना ते फार लागलं. पण स्वतःची चूक लागली की माणूस दुसऱ्यावर ओरडतो, तसे ते फकिरावर ओरडले, आणि तिरीमिरीत बाजारात जाऊन सात धावत्या घोड्यांची भलीमोठी फ्रेम घेऊन आले. घोडे सत्यमच्या छातीवर चढले. घर पुन्हा निष्कलंक झालं.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील गोकुळराव, आई सुलेखाबाई, आणि शिवराज, जो खाली मान घालून बशीतला चिवडा वेचत होता. सुलेखाबाईंनी मुलीकडे धड पाहिलंच नाही. त्यांची नजर घोड्यांवरून हलेना.

“रंग नवाच दिसतोय,” त्या म्हणाल्या.

“नवा म्हणजे... दिवाळीचाच,” राजेंद्रराव म्हणाले. पावसाळा चालू होता.

“कोणता म्हणायचा हा?”

“ऑफ व्हाइट. सायीचा.”

“किती हात दिले?”

राजेंद्ररावांनी चिवड्याची बशी पुढे केली. “एकच. चांगल्या भिंतीला एकच लागतो.”

“आणि घोडे कुठून घेतले?”

बाई हाडाची पोलीस आहे, अशी राजेंद्ररावांची खात्री पटली. स्थळ गेलं, असं धरून त्यांनी रात्री जेवणही केलं नाही. पण सकाळी आशाबाईचा फोन आला. पोरगी पसंत आहे, येत्या रविवारी घर बघायला या.

“मीपण येणार,” त्या रविवारी मोनाली म्हणाली. बापाने डोळे वटारले, पण ती आधीच गाडीत आशाबाईशेजारी जाऊन बसली होती.

सिल्लोडला गोकुळरावांच्या हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि तिच्या नाकात ओळखीचा वास शिरला. समोरची भिंत सायीची होती. भिंतीवर सात घोडे होते, त्याच दिशेने धावणारे. फ्रेम जरा तोकडी पडली होती. तिच्या उजव्या कडेला, शेवटच्या घोड्याच्या शेपटीपाशी, गुलाबी ‘खा’ डोकावत होता.

मोठी माणसं मक्याच्या भावावर बोलत होती. मोनालीने शिवराजला सरळच विचारलं, “आमच्याकडं तिसरा हात लागला. तुमच्याकडं?”

शिवराजने पहिल्यांदा मान वर केली. “दुसराच. काल मारलाय.”

“कोण?”

“सुरेखा. माझी बायको व्हती. तिला शिकायचं व्हतं, घरच्यांनी जबरदस्तीनं लग्न लावलं. तिनं मला सांगितलं, मी म्हनलं, जा. कागद झालेत सगळे.” त्याने आईकडे चोरून पाहिलं. “मला तुमाला सांगायचं व्हतं. आई म्हनली, लग्न ठरू दे, मग सांगू सावकाश.”

“बारशाला,” मोनाली म्हणाली, आणि हसली. ती कित्येक महिन्यांत हसली नव्हती. शिवराजही हसला. मक्याचा भाव तिथेच थांबला; शिवराजचं बोलणं सगळ्यांनी ऐकलं होतं. राजेंद्ररावांनी हातातला कप खाली ठेवला आणि निरोपाची पानसुपारीही न घेता ते उठले.

गाडी फुलंब्रीपर्यंत आली तरी त्यांचा पारा उतरेना. “फसवत होते आपल्याला! घटस्फोटवाला पोरगा गळ्यात मारत होते! भिंतीवर घोडे लावून! माणसानं खरं बोलावं का नाय?”

रत्नमालाबाई काचेतून बाहेर बघत राहिल्या. “आशा, तुला ठाऊक होतं?” राजेंद्रराव मागे बसलेल्या बहिणीवर कडाडले.

“व्हय की. मी दोघांना एकच सांगितलं, साखरपुडा मोडलाय. कुणावर अन्याय नको.”

“हे स्थळ बंद! असल्या खोटारड्या माणसांच्या घरात मी पोरगी देणार नाय!”

घरी आल्यावर मोनालीने स्टूल ओढलं, चपला काढल्या आणि घोडे खाली उतरवून भिंतीला पाठमोरे टेकवले. ‘चि. सत्यम’ पुन्हा सगळ्यांच्या तोंडावर आला.

“हे काय करायलीस?” राजेंद्रराव ओरडले.

“गाडीतनं मेसेज केला मी. शिवराज येणार हाय उद्या, रंग खरवडायचा पत्रा घेऊन. आधी आपली भिंत खरवडणार. मग मी सिल्लोडला जाणार, त्याची खरवडायला.”

“येडी झालीस का? आवाज होईल! सगळी गल्ली विचारंल!”

“विचारू दे. सांगीन.”

राजेंद्रराव सवयीने रस्त्याकडच्या खिडक्या लावायला धावले. रत्नमालाबाई त्यांच्या आधी तिथे पोचल्या होत्या.

“राहू द्या उघड्या,” त्या म्हणाल्या. “लई धूळ उडंल उद्या.”