सुवर्णगरुडाची आपसी बदली

माणसाला जे हवे असते ते नेहमी दुसऱ्या कोणाकडे तरी असते, आणि त्या दुसऱ्याला जे हवे असते ते आपल्याकडे धूळ खात पडलेले असते. जगातले निम्मे दुःख एवढ्यावरच चालते. (उरलेले निम्मे नातेवाइकांवर.) अशा दोन माणसांची गाठ घालून देणे हे कोणत्याही सुधारलेल्या व्यवस्थेचे पहिले कर्तव्य होय. ‘महारथी’ नावाच्या मोबाइलवरच्या कार्डांच्या खेळाने ते जितक्या शिस्तीने पार पाडले आहे तितके अजून कोणालाच जमलेले नाही, असे योगेंद्र भदाणे सरांचे अनुभवाअंती झालेले मत होते.

योगेंद्रसर साक्री तालुक्यातल्या एका वस्तीवर प्राथमिक शाळेत मास्तर. घर धरणगावला. घरी आई भिकुबाई, बायको दिपमाला आणि चार वर्षांची मुलगी साक्षी. मधे धुळे, पारोळा, एरंडोल आणि आठ वर्षे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर एसटीत बसत आणि सोमवारी उजाडायच्या आत परत निघत. मुलीला कोणी विचारले, तुझे पप्पा कुठे राहतात, तर ती ‘शनिवारी’ असे सांगे. लोक हसत. सरही हसत.

या दुखण्यावर खात्याने औषध ठेवलेले आहे. त्याला आपसी बदली म्हणतात. धुळे जिल्ह्यातल्या मास्तराला जळगाव जिल्ह्यात जायचे असेल, तर त्याने जळगाव जिल्ह्यातला असा मास्तर शोधावा, ज्याला धुळे जिल्ह्यात यायचे आहे. पद समान, माध्यम समान, प्रवर्ग समान. मग दोघांनी मुदतीत पोर्टलवर संमती नोंदवावी. शोधायचे मात्र ज्याचे त्याने. (खाते लग्न लावून देते, स्थळ आपण बघायचे.)

सरांनी शोधायचे काही बाकी ठेवले नव्हते. बदली हवी असलेल्या शिक्षकांच्या नऊ व्हॉट्सॲप गटांत ते होते. एका मावसभावाच्या हळदीत त्यांनी माइकवरून जाहीर विचारणा केली होती. आठ वर्षांत चार जोडीदार सापडले. एक उर्दू माध्यमाचा निघाला, एकाचा प्रवर्ग जुळेना, एक संमतीच्या आदल्या दिवशी मुख्याध्यापक झाला, आणि चौथ्याने अजून फोन उचलायचा आहे.

‘महारथी’ सरांच्या मोबाइलमध्ये आला तो असाच एका शनिवारी, एसटीत. खेळात वीर, प्राणी, शस्त्रे अशी चित्रांची कार्डे मिळतात. एकाच प्रकारची अठ्ठेचाळीस जमली की दल पूर्ण होते आणि आपल्या नावाभोवती सोनेरी कड येते. (कडेचा उपयोग : कड दिसते.) कार्डे नशिबाने येतात, म्हणजे नको ती दोन-दोन येतात. म्हणून अदलाबदल. तिचे नियम असे :

१. तीन ताऱ्यांच्या कार्डाच्या बदल्यात तीन ताऱ्यांचेच कार्ड.
२. अदलाबदल फक्त मित्रांत. मित्र होण्यासाठी बटण दाबावे. ओळख असण्याची अट नाही.
३. बोलण्यास मनाई. त्याऐवजी सहा तयार वाक्ये : नमस्कार, धन्यवाद, हे कार्ड द्याल का, विचार करतो, क्षमस्व, आणि वा! (एवढ्या सामग्रीत पुष्कळांचे संसार पार पडलेले आहेत.)
४. दर अदलाबदलीस पाचशे कण तेजोभस्म लागेल. हे भस्म आपलीच चांगली कार्डे जाळून मिळवावे.
५. प्रस्ताव मुदतीत न स्वीकारल्यास रद्द.
६. बदलून आलेले कार्ड आधी कितीही वरच्या पायरीवर असले, तरी नव्या घरी पहिल्या पायरीपासून.

सहावा नियम वाचून सरांना गहिवरून आले. आपसी बदलीतही सेवाज्येष्ठता अशीच शून्यावर येते. परक्या मुलखात अचानक आपल्या गल्लीतला माणूस भेटावा तसे त्यांना वाटले. फरक एवढाच, की इथे अर्ज पुढे सरकत असे. सर दुपारी कार्ड मागत आणि संध्याकाळी ते येई. आठ वर्षांत त्यांच्या कोणत्याही मागणीचे असे झाले नव्हते, आणि खरे सांगायचे तर ते खेळत होते ते एवढ्यासाठीच.

त्यांचा तिथला सर्वात जिवलग मित्र म्हणजे ‘शेवभाजी४२’. (सरांचे नाव ‘भरीत१००८’.) चौदा महिन्यांत दोघांत त्रेसष्ट अदलाबदली झाल्या. कार्डांची मागणी-उत्तरे सोडता एकूण संभाषण : नमस्कार चारशे दहा, धन्यवाद त्रेसष्ट, वा! बारा. कधी भांडण नाही, कधी उसने मागणे नाही. शनिवारी सरांची बस पारोळ्याच्या स्टँडवर दहा मिनिटे थांबे, तेव्हा शेवभाजीच्या नावापुढे हिरवा ठिपका हमखास असे. माणूस वक्तशीर आहे, असे सरांनी दिपमालाला दोनदा सांगितले होते. माणूस कोण आहे, असे तिने दोनदा विचारले होते.

खेळात प्रत्येक नावाखाली ‘परिचय’ नावाचे एक बारीक बटण आहे. तिथे शंभर अक्षरांत स्वतःविषयी लिहिता येते. सरांनी जिथे तिथे चिकटवलेली बदलीची जाहिरात तिथेही चिकटवून ठेवली होती. तिचा उपयोग होईल अशी आशा मात्र त्यांना नव्हती. परिचय कोणी उघडत नाही हे त्यांना पक्के ठाऊक होते, कारण ते स्वतः कोणाचाच उघडत नसत.

यंदा बदलीचे पोर्टल पंधरा दिवस उघडले. शेवटचा दिवस शुक्रवार, संध्याकाळी पाच. सकाळीच कोणीतरी गटावर बदली हवी असलेल्यांची एक हजार एकशे चाळीस नावांची यादी टाकली. तिला जिल्हावार क्रम नव्हता, तालुकावार नव्हता, अक्षरांचाही नव्हता. सर एकेक नाव वाचू लागले. अकराला दिपमालाचा फोन आला. यादी संपल्याशिवाय जेवू नका, असे तिने सांगितले. सर खरोखर जेवले नाहीत. दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी ते सहाशे बारा क्रमांकावर होते.

त्याच मिनिटाला मोबाइल थरथरला. शेवभाजी४२ सुवर्णगरुड द्यायला तयार होता.

सुवर्णगरुड म्हणजे सरांच्या आकाशदलातले अठ्ठेचाळिसावे कार्ड. सात महिने त्यांनी ते मागितले होते आणि सात महिने उत्तर होते ‘विचार करतो’. बदल्यात पाताळनाग हवा होता, आणि तो सरांकडे दोन-दोन होता. प्रस्तावाची मुदत पाच वाजेपर्यंत. तेजोभस्म मात्र नव्वदच कण शिल्लक होते. सरांनी यादीत सहाशे बारावर खूण केली, मुलांना पाठ्यपुस्तकातली दोन पाने शुद्धलेखनाला दिली आणि कार्डे जाळायला बसले. कोणते जाळावे, कोणते ठेवावे, हा प्रश्न घाईत सोडवण्यासारखा नसतो. चार बावन्नला अदलाबदल पूर्ण झाली. गरुड पंख पसरून पडद्यावर उतरला, चाळीस सेकंद शंख वाजला, नावाभोवती सोनेरी कड आली. सरांनी ते पुन्हा लावून पाहिले. मग मुलांनाही दाखवले.

यादी त्यांनी पाच वाजून चार मिनिटांनी पुन्हा उघडली. पोर्टल तोवर वेळेवर बंद झाले होते.

शनिवारी बसमध्ये सरांना वाटले, एवढे मोठे कार्ड देणाऱ्याला नुसते ‘धन्यवाद’ म्हणणे बरे दिसत नाही. आपण निदान त्याचे नाव तरी पाहावे. पारोळ्याच्या स्टँडवर त्यांनी चौदा महिन्यांत पहिल्यांदा शेवभाजीचा परिचय उघडला. ‘राकेश बोरसे, प्राथमिक शिक्षक, मराठी माध्यम, ता. धरणगाव. घर साक्री. आपसी बदली हवी.’ खाली प्रवर्ग होता. तो सरांचाच होता. त्याखाली फोन नंबर. सरांनी घाईघाईने यादी उघडली. राकेश बोरसे सहाशे एकोणिसावा होता.

त्यांनी फोन लावला. शेजारी उभ्या असलेल्या धुळ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये, खिडकीशी बसलेल्या एका माणसाने तो उचलला.

“मी भरीत बोलतोय,” सर म्हणाले.

“बोला, बोला. गरुड आवडला का?”

“तुम्ही धरणगावला मास्तर आहात?”

“हो. सहा वर्षं झाली. तुम्ही कुठले?”

“मी साक्रीला. घर धरणगाव.”

खिडकीतल्या माणसाने फोन कानापासून जरा दूर धरला आणि पुन्हा जवळ आणला. “मी परिचयात टाकेल होतं, सर,” तो हळूच म्हणाला. “पहिल्या दिवसापासून.”

“मीपण.”

तेवढ्यात त्याच्या बसच्या कंडक्टरने दोन घंटा दिल्या. बस निघाली. मिनिटभराने सरांच्या मोबाइलवर शेवभाजी४२चे वाक्य आले : ‘क्षमस्व’. सरांनी सहाही वाक्ये दोनदा वाचली. मनातले त्यांत एकही नव्हते. शेवटी त्यांनी ‘विचार करतो’ पाठवले.

घरी पोचले तेव्हा आई ओट्यावर बसली होती. बठ्ठासन्या (सगळ्यांच्या) बदल्या व्हई गयात, असे ती आठ वर्षे म्हणत आलेली; आज तिने एवढेच विचारले :

“कोणी भेटना का रे भाऊ?”

“भेटना,” सर म्हणाले. (अहिराणीत याचा अर्थ ‘भेटला’ असा होतो.)

“कव्हय?”

“आज.”

दिपमाला पाण्याचा तांब्या ठेवून आत गेली आणि लवकर बाहेर आली नाही. सरांच्या मांडीवर बसून मुलीने सोनेरी पक्षी पाहिला, शंख ऐकला, आणि हा आता आपल्याकडेच राहणार का, असे विचारले. हो, सर म्हणाले, हा कायमचा आला.

योगेंद्रसरांची इथे वाचकाला कीव येईल. समोर बसलेला माणूस चौदा महिने दिसू नये, म्हणजे काय, असेही वाटेल. वाटणे साहजिक आहे. केवळ नोंदीसाठी एक विचारायचे आहे. सरांना हवे असलेले कार्ड कोणते, हे तुम्हाला आत्ता विचारले तर झोपेतही सांगाल. त्यांच्या मुलीचे नाव काय?

(वर सांगितले आहे. एकदाच.)